डोळ्याखालील कांटा

कोणत्याही पदार्थाची खरी ओळख पटावयाची असेल तर त्याचें लक्षण कळलें पाहिजे, हा आपल्या न्यायशास्त्राचा अगदीं पहिला पाठ होय. लक्षण म्हणजे त्या पदार्थाचा असाधारण धर्म. जो त्या जातीच्या प्रत्येक व्यक्तींत आढळतो आणि इतरत्र कोठेंहि आढळत नाहीं. तर्कसंग्रह शिकविणाऱ्या शास्त्रीबोवांनीं गाईचें उदाहरण देऊन कित्येक पिढ्यांना हें पटविलें आहे. ‘जिला शिंगें ती गाय’ असें म्हणावें, तर म्हैसहि गाय ठरते, ही अतिव्याप्ति. ‘जी तांबूस रंगाची ती गाय’ असें म्हणावें, तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ति. ‘जिचा खूर दुभंगलेला नाहीं ती गाय’ असें म्हणावें, तर एकहि गाय सांपडावयाची नाहीं, हा असंभव. हे तिन्ही दोष टाळून शेवटीं गळ्याखालीं लोंबणारी पोळी, म्हणजे सास्ना, हेंच गाईचें लक्षण ठरतें.

शास्त्रीबोवांचा हा पाठ बरोबर घेऊन आज मी वाचकांस नदीच्या कांठीं नेणार आहें. आमच्या कोल्हापुराभोंवतीं नद्यांस तोटा नाहीं. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे प्रवाह प्रयाग-चिखलीजवळ एकत्र येऊन पंचगंगा होते व ती नरसोबाच्या वाडीस कृष्णेस मिळते. दक्षिणेकडे आंबोलीच्या डोंगरांत उगम पावणारी हिरण्यकेशी आजरा-गडहिंग्लजवरून वाहत जाऊन घटप्रभेच्या वाटेनें त्याच कृष्णेच्या पोटांत शिरते. या नद्यांच्या आणि त्यांना मिळणाऱ्या ओढ्यांच्या तळाशीं, गोट्यांच्या सांदींत व वाळूंत, बोटाएवढे कांहीं मासे राहतात. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं मासा ताटांत येत नाहीं. आणि ज्यांच्या घरीं येतो त्यांनाहि या चिमुकल्या जीवांची मातबरी वाटत नाहीं. ‘ती होय, मुरी!’ असें म्हणून पाहणारा पुढें जातो. परंतु या एका मुरींत तीन निरनिराळीं कुलें लपलेलीं आहेत, हें ज्याला दिसलें त्याला नदी पूर्वीपेक्षां बरीच मोठी वाटूं लागते.

‘मुरी’ किंवा ‘मुरे’ हा आपल्याकडील जुना शब्द आहे, आणि तो शास्त्राच्या दप्तरांत जाऊन बसला तो कर्नल विल्यम सायक्स यांच्यामुळें. मुंबई सरकारच्या नोकरींत असतांना या गृहस्थांनीं दख्खनची नानाविध माहिती गोळा केली व येथील माशांवरील आपला निबंध लंडन येथील प्राणिशास्त्रमंडळापुढें मांडला. १८३९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वर्णनांतील कित्येक नांवें मराठी कोळ्यांच्या तोंडचीं आहेत. ‘खुद्री’, ‘कोळस’, ‘मळ्या’, ‘शिंगटी’ हे शब्द थोडेसे वांकून लॅटिन नामावळींत दाखल झाले. त्यांतच ‘कोबिटिस मूरेह’ हें नांव आहे. त्या माशाचा वंश पुढें बदलला; हल्लीं त्यास पॅराकॅन्थोकोबिटिस वंशांत घालतात; पण जातिवाचक ‘मूरेह’ मात्र अद्याप तसेंच आहे. सारांश, भीमाकांठच्या कोणा कोळ्यानें उच्चारलेला शब्द आज जगांतील प्रत्येक मत्स्यशास्त्रज्ञास उच्चारावा लागतो.

तथापि लोकांच्या तोंडचें नांव आणि शास्त्राचें कुल यांत मोठें अंतर असतें. तें कसें, हें आपल्या वाचकांस आडनांवाच्या दृष्टांतानें तत्काळ कळेल. ‘जोशी’ देशस्थांत आहेत, कोंकणस्थांत आहेत, कऱ्हाड्यांतहि आहेत. वडिलांच्या वृत्तीवरून आडनांव पडलें. तेवढ्यावरून सर्व जोश्यांचें गोत्र एक, असें कोणी म्हणत नाहीं. लग्न जमवितांना आपण आडनांवावर न थांबतां गोत्र विचारतों, प्रवर विचारतों. ‘मुरी’ हेंहि माशांचें आडनांव समजावें. तळाशीं राहणें, लांबोडकें अंग आणि तोंडाभोंवतीं मिशा, या वृत्तीवरून तें पडलें. गोत्र विचारावयाचें तर माशाच्या शरीरासच विचारलें पाहिजे.

प्रथम ‘मुरी’ या सर्वसाधारण वर्गाचें लक्षण करूं. ‘जिला मिशा ती मुरी’ असें म्हटलें तर लागलीच अतिव्याप्ति होते, कारण शिंगटीलाहि मिशा आहेत आणि त्या कितीतरी लांब आहेत. ‘जिच्या जबड्यांत दांत नाहींत ती मुरी’ असें म्हटलें तरी तोच दोष. खुद्री, मळ्या इत्यादि सर्व कार्प माशांच्या जबड्यांत दांत नसतात. मग त्यांचे दांत असतात कोठें? घशांत! कल्ल्यांच्या शेवटच्या कमानीवर हे दांत उगवतात व त्यांनीं मासा आपलें अन्न चिरडतो. कार्पांत या दांतांच्या एकापासून तीनपर्यंत रांगा असतात. मुरींत रांग एकच असते. आतां दोन्ही धर्म एकत्र करूं. जबडा दंतहीन असून मुखाभोंवतीं मिशांच्या तीन अथवा अधिक जोड्या असणें, हें लक्षण आपल्या नद्यांपुरतें निर्दोष ठरतें. शिंगटीच्या जबड्यांत बारीक दांत असल्यामुळें ती गळते. कार्पांच्या मिशा दोन जोड्यांच्या पुढें जात नाहींत म्हणून तेहि गळतात. उरते ती मुरी.

हीच पद्धति सातासमुद्रापलीकडेहि लागू पडते. हल्लीं शोभेच्या माशांच्या दुकानांतून दक्षिण अमेरिकेंतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यांतले इवलेसे मासे कांचेच्या पेट्यांत पोहतांना दिसतात. त्यांतील तांबड्या-निळ्या रेघेचा निऑन टेट्रा आणि आपल्याकडची चिमुकली दांडई हीं दोन्हीं एकाच घरचीं लेंकरें वाटावीं इतकीं सारखीं दिसतात. परंतु टेट्राच्या वर्गांतील बहुतेक माशांच्या जबड्यांत दांत असतात आणि पाठीवर, शेंपटीच्या अलीकडे, कांट्यांवांचूनचा एक लहानसा मांसल पर असतो. आपल्या दांडईला हीं दोन्हीं नाहींत. त्याच दुकानांत तळाची वाळू हुंगत फिरणारा कॉरिडोरास नांवाचा मासा पाहून कोणीहि त्याला मुरी म्हणेल. पण त्याच्या दोन्ही कुशींवर खवल्यांऐवजीं हाडांच्या पट्ट्यांच्या दोन दोन ओळी, चिलखतासारख्या बसविलेल्या असतात, आणि त्याचा वर्ग शिंगटीचा आहे. वस्तुतः टेट्रा, शिंगटी, कार्प आणि मुरी हे सर्व फार पुरातन काळचे सगोत्र आहेत. पाठीच्या कण्याच्या पहिल्या मणक्यांपासून झालेल्या लहान लहान हाडांची एक सांखळी या सर्वांत असते. ती सांखळी पोटांतील वाताशयाचा कंप कानापर्यंत पोंचविते. वेबर नामक जर्मन शारीरशास्त्रज्ञानें १८२० सालीं तिचें वर्णन केलें. बाहेरून न दिसणाऱ्या या हाडांनीं दोन खंडांतील माशांचें नातें सिद्ध केलें आहे.

आतां मुरीच्या घरांत शिरूं. तेथें दारावरच उभा असलेला रखवालदार म्हणजे डोळ्याखालील कांटा.

ओल्या हातानें मुरी अलगद धरून भिंगांतून तिच्या डोळ्याकडे पाहावें. कांहीं मुऱ्यांच्या डोळ्याच्या पुढें किंवा खालीं कातडीची एक बारीकशी चीर दिसते. त्या चिरेंत एक दुभंगलेला, मागें टोंक असलेला कांटा म्यानांतील सुरीप्रमाणें मिटून ठेवलेला असतो. डोळ्याच्या पुढें असणाऱ्या कवटीच्या एका लहानशा हाडाचेंच हें रूपांतर आहे. मासा स्वस्थ असतो तेव्हां कांटा चिरेंत दडलेला असतो. त्याला धरलें, दाबलें किंवा दुसऱ्या माशानें तोंडांत घेतलें, कीं तो उभारला जातो. मोठ्या माशाच्या घशांत असा दुहेरी कांटा आडवा आला म्हणजे घास सोडून देण्यावांचून त्याला गत्यंतर राहत नाहीं. पागेर टाकणाऱ्या कोळ्याला या कांट्याची ओळख पुस्तकावांचून असते, कारण जाळ्याच्या धाग्यांत तो अडकतो आणि बोटांतहि शिरतो.

ज्यांना हा कांटा आहे अशीं आपल्याकडे दोन कुलें. ज्यांना तो नाहीं असें तिसरें. पहिल्या कुलास बोटिआ वंशावरून बोटिइडी म्हणतात, दुसऱ्यास कोबिटिडी आणि तिसऱ्यास निमॅकिलिडी. शेवटचें नांव ग्रीक असून त्याच्या मुळाशीं ‘धागा’ व ‘ओंठ’ असे दोन शब्द आहेत. आपण त्याला ‘तंतुओष्ठ’ म्हटलें तरी चालेल. एवढें समजलें म्हणजे एका कांट्यावरून तिसरें कुल वेगळें निघालें. राहिलीं पहिलीं दोन.

त्यांतील बोटिआ हा अंगानें दोन्ही बाजूंनीं चपटा, पाठ किंचित् उंच, आणि शेंपटीचा पर खोल दुभंगलेला, असा असतो. थुंथनीच्या टोंकावरील त्याच्या मिशा बुडाशीं जवळजवळ येऊन जणूं एकाच झुबक्यांतून निघतात. आपल्याकडे बोटिआ स्ट्रायाटा ही जाति आहे. म्हैसूरकडील प्राणिशास्त्रज्ञ सी. आर. नारायण राव यांनीं शिमोग्याजवळील तुंगा नदींतील माशांवरून १९२० सालीं तिचें वर्णन केलें. पिवळसर अंगावर गडद रंगाचे तिरपे पट्टे आणि त्यांच्यामधून बारीक रेघा, असा तिचा वेष असल्यामुळें शोभेचे मासे पाळणाऱ्यांत तिला मोठी मागणी असते.

दुसऱ्या कुलांतील आपला प्रतिनिधि लेपिडोसेफॅलिक्थिस. नांव पाहून वाचकांनीं घाबरूं नये. ‘लेपिस्’ म्हणजे खवला, ‘केफाली’ म्हणजे डोकें आणि ‘इक्थिस्’ म्हणजे मासा. ‘सशल्कशीर्ष मत्स्य’ असा सरळ समास आहे आणि त्यांत लक्षणच सांगून टाकलें आहे: याच्या डोक्याच्या बाजूंवर बारीक खवले असतात. अंग लांबट, शेंपटीचा पर खोल दुभंगलेला नव्हे तर जवळजवळ सरळ कापल्यासारखा, आणि मिशा चार जोड्या; त्यांतील एक जोडी खालच्या ओंठाची. आणखी एक खूण केवळ नरांत असते. नराच्या छातीच्या परांतील आंतल्या बाजूचे सातवा व आठवा असे दोन किरण जाड होऊन एकमेकांस जुळतात आणि हाडाच्या पात्यासारखे बनतात. मादीचा पर साधाच राहतो. आपल्या भागांतील जातीचें नांव ‘थर्मॅलिस’, कारण तिचें पहिलें वर्णन १८४६ सालीं झालें तें लंकेंतील त्रिंकोमाली येथील उष्णोदकाच्या झऱ्यांतील नमुन्यांवरून. हा मासा वाळूंत अंग पुरून केवळ डोळे वर ठेवून बसतो. त्याच्या कुलांतील कांहीं मासे पाण्यावर येऊन हवेचा घोट गिळतात आणि आंतड्यांतून ती शोषून घेतात. म्हणून उन्हाळ्यांत आटत चाललेल्या डबक्यांतहि ते तग धरतात.

तिसरें कुल कांट्यावांचूनचें, परंतु आपल्या सह्याद्रींत सर्वांत विस्तारलेलें. याच्या मुखाभोंवतीं मिशांच्या तीन जोड्या असतात. दोन थुंथनीवर आणि एक ओंठांच्या कोपऱ्यांत. पण येथेंहि फसवणुकीच्या दोन जागा आहेत. पुण्याकडील नमुन्यांवरून १८७२ सालीं फ्रान्सिस डे यांनीं वर्णिलेली इंडोरिओनेक्टिस एव्हेझार्डी ही जाति घ्या. तिच्या पुढच्या नाकपुडीची नळी इतकी लांब वाढलेली असते कीं घाईनें मोजणारा तिला मिशांची चौथी जोडी समजतो आणि माशास दुसऱ्या कुलांत ढकलतो. सायक्स यांच्या ‘मूरेह’चा प्रकार निराळाच. त्याच्या नराच्या डोळ्याखालीं कातडीचा एक पाळीसारखा पडदा असतो. तो पाहून ‘हाच तो कांटा’ असा भास होतो. परंतु बोटाच्या टोंकानें हलकेंच चांचपलें तर हाड लागत नाहीं, मांसच लागतें. याच माशाच्या शेंपटीच्या बुडाशीं वरच्या अंगास एक काळा, डोळ्यासारखा ठिपका असतो; तीहि त्याची चांगली खूण आहे.

शरीराच्या या खुणांमागें निसर्गाचा हेतु काय, असें वाचक विचारतील. त्याचें उत्तर वाताशयांत पाहावयास मिळतें. मध्यपाण्यांत तरंगणाऱ्या माशाच्या पोटांत हवेची पिशवी मोठी असते. तिच्यामुळें तो विनासायास एका खोलीवर राहूं शकतो. खळाळत्या ओढ्यांत दगडाला बिलगून राहणाऱ्या माशाला मात्र तरंगणें म्हणजे वाहून जाणें होय. म्हणून तंतुओष्ठ कुलांत या पिशवीचा पुढचा भाग हाडाच्या डबींत बंदिस्त झालेला असून मागचा भाग अगदींच खुरटलेला असतो. बोटिआ तळाजवळ राहूनहि मोकळा पोहणारा. त्याच्या पिशवीचा मागचा भाग चांगला मोठा व मोकळा राहिला आहे. एकाच नदींत, हातभर अंतरावर राहणारे हे दोघे पाण्याशीं निरनिराळ्या रीतीनें जुळवून घेतात, आणि त्याचा दाखला हाडांवर लिहिलेला असतो.

हाडांवर एवढा भर कां, तें कोल्हापूरच्याच एका उदाहरणावरून सांगतों. १९५६ सालीं कलावार आणि केळकर या दोघां अभ्यासकांनीं मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत कोल्हापूरच्या माशांवर लेख लिहिला. त्यांत येथील बोटिआ स्ट्रायाटाचा एक पोटभेद त्यांनीं वेगळा काढून त्यास ‘कोल्हापुरेन्सिस’ असें नांव दिलें. आपल्या गांवाचें नांव माशास मिळालें म्हणून आपणांस आनंद वाटणें साहजिक आहे. परंतु पुढील विद्वानांनीं हा पोटभेद मान्य केला नाहीं. आज तें नांव ‘स्ट्रायाटा’चें पर्यायनाम म्हणून केवळ सूचींत उरलें आहे. म्हणून त्या लेखाचें मोल कमी होत नाहीं. आमच्या नद्यांत त्या काळीं कोणकोणते मासे होते, याची ती लेखी साक्ष आहे, आणि अशी साक्ष नंतर कितीहि पैसे खर्चून विकत मिळत नाहीं. मात्र त्यावरून एक धडा घ्यावा. एकाच जातीच्या दोन माशांचे पट्टे तंतोतंत जुळत नाहींत. वयाप्रमाणें, पाण्याप्रमाणें रंग गडद-फिकट होतात. मद्यार्कांत ठेवलेल्या नमुन्याचा रंग तर उडूनच जातो. रंगावर लक्षण बांधणें म्हणजे तांबूसपणावरून गाय ओळखणें होय.

पण मग हाडावरून बांधलेलें लक्षण तरी नात्याचा अखेरचा निकाल देतें काय? येथें विषय अधिक मनोरंजक होतो. कांटा असलेलीं दोन कुलें एकमेकांस जवळचीं आणि निष्कंटक कुल दूरचें, असें कोणासहि वाटेल. दीर्घकाळपर्यंत तिन्ही एकाच मोठ्या कुलाच्या शाखा मानल्या जात असत. २००७ सालीं श्लेख्तोव्हा, बोलेन आणि टॅन या अभ्यासकांनीं या माशांच्या पेशीकेंद्रांतील आनुवंशिक द्रव्य ताडून पाहिलें, तेव्हां वंशवृक्ष निराळा निघाला. बोटिआचें घराणें फार पूर्वींच वेगळें झालें होतें. आणि कांटेवाला कोबिटिडी हा त्या कांटेवाल्या बोटिआपेक्षां निष्कंटक तंतुओष्ठांचा अधिक जवळचा आप्त ठरला. याचा अर्थ लक्षण खोटें ठरलें असा नाहीं. ओळख पटविणें हें लक्षणाचें काम, आणि तें काम कांटा आजहि चोख करतो. नातें ठरविणें हा स्वतंत्र विचार आहे; त्यास अनेक खुणा, अनेक साक्षी एकत्र कराव्या लागतात. दोन भाऊबंदांपैकीं एकानें शेंडी राखली आणि दुसऱ्यानें ती काढली, म्हणून भाऊबंदकी तुटत नाहीं. आणि दोन परके शेंडी राखून आहेत म्हणून ते भाऊ होत नाहींत.

अशा विचाराची आवड आपल्याकडे पाश्चात्यांमुळेंच आली, असें मानण्याचें कारण नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानें बाराव्या शतकांत रचविलेल्या मानसोल्लास ग्रंथांत मत्स्यविनोदाचें एक प्रकरण आहे. त्यांत मासे समुद्रांतले कीं नदींतले, मोठे कीं लहान, आणि खवल्यांचे कीं नुसत्या कातडीचे, असे विभाग करून एकेकाचें वर्णन व त्याचें आमिष सांगितलें आहे. कोल्हापूरचे शिलाहार याच चालुक्यांचे मांडलिक होते, तेव्हां हा ग्रंथ आमच्या शेजारचाच म्हणावयाचा. भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्याचे प्रमुख सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं या प्रकरणावर निबंध लिहून त्यांतील मासे आजच्या नांवांशीं ताडून पाहिले. मुरीच्या वर्गावर ज्यांनीं आयुष्यभर परिश्रम केले त्याच विद्वानानें सोमेश्वराच्या श्लोकांचाहि आदर करावा, ही गोष्ट संस्कृताभिमान्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आतां या सर्व खटाटोपाचा उपयोग काय, या प्रश्नाकडे वळतों. उपयोग असा कीं ज्याला निराळें नांव नाहीं, त्याचें जाणें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. २०२० सालीं प्रवीणराज, तेजस ठाकरे आणि बालसुब्रमणियन् यांनीं आंबोलीच्या हिरण्यकेशी देवस्थानाजवळील पाण्यांतील एका लहानग्या तंतुओष्ठ माशाचें ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असें नामकरण केलें. तीर्थास येणाऱ्या लोकांनीं तो मासा त्यापूर्वीं पाहिलाच नसेल, असें कसें म्हणावें? मासा तोच, कुंड तेंच. परंतु तोंवर तो ‘एक मुरी’ होता. इतर मुऱ्यांहून तो भिन्न आहे हें लक्षणांनीं सिद्ध झाल्यावर पुढच्याच वर्षीं, २०२१ सालीं, महाराष्ट्र सरकारनें तेथील २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. नांव मिळाल्याबरोबर त्याला कायद्याचा आश्रय मिळाला.

सर्वांचें दैव इतकें बलवत्तर नसतें. आमच्या बोटिआ स्ट्रायाटाची नोंद निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघानें २०११ सालीं संकटग्रस्त जातींत केली. पश्चिम घाटांतील थोड्याच नद्यांत तिचा वास. त्यांतहि तिच्या वसतिस्थानांची हानि होत आहे, आणि शोभेसाठीं तिला नदींतूनच पकडून नेण्यांत येतें. नदीची वाळू उपसली जाते तेव्हां सशल्कशीर्षाचें घरच उचललें जातें. खळाळता ओढा बंधाऱ्यानें थोपवून त्याचें संथ डबकें झालें म्हणजे दगडाला बिलगणाऱ्या तंतुओष्ठाची सारी शरीररचना व्यर्थ होते. परदेशांतून आणलेली चिलापी मात्र अशाच संथ पाण्यांत फोफावते. शहरांचें सांडपाणी व कारखान्यांचें दूषित पाणी यांमुळें पंचगंगेची काय दशा होते, हें तर कोल्हापूरकरांस सांगावयास नको. मेलेले मोठे मासे पाण्यावर तरंगूं लागले म्हणजे वर्तमानपत्रांत बातमी येते. तळच्या मुऱ्या दगडांखालींच मरतात. त्यांची बातमी कोण देणार?

ती बातमी देण्याचें सामर्थ्य, माझ्या मतें, शाळकरी मुलांत आहे. बाजारांत मिळणारें साधें भिंग, एक स्वच्छ कांचेची बरणी आणि नोंदवही एवढें साहित्य पुरे. पावसाळा संपून पाणी निवळलें म्हणजे वडीलधाऱ्यांबरोबर गांवच्या ओढ्यावर जावें. सांपडलेली मुरी बरणींत ओढ्याच्याच पाण्यांत ठेवावी आणि क्रमानें पाहावें: डोळ्याखालीं चीर व कांटा आहे कीं नाहीं, शेंपटीचा पर खोल दुभंगलेला आहे कीं सरळ, मिशा किती जोड्या, आणि त्यांतली एखादी नाकपुडीची नळी तर नव्हे ना, डोक्यावर खवले दिसतात कीं नाहींत. चार प्रश्नांचीं उत्तरें लिहून तारीख व ओढ्याचें नांव टाकावें आणि मासा जेथून घेतला तेथेंच, चटकन् सोडून द्यावा. मुलांस हात ओला ठेवावयास अवश्य सांगावें, कारण कोरड्या हातानें माशाच्या अंगावरील बुळबुळीत आवरण निघतें व त्याला रोग जडतो.

तर्कशास्त्राचे विद्यार्थी अव्याप्ति-अतिव्याप्ति पाठ करतात आणि परीक्षा झाल्यावर विसरतात, अशी तक्रार मीं पुष्कळ वर्षें ऐकली आहे. त्यांना एकदां बरणींतल्या मुरीपुढें बसवावें. एका ओढ्यावर दहा वर्षें अशी वही कोणी चालविली, आणि अकराव्या वर्षीं ‘कांटा असलेली, सरळ शेंपटीची’ या सदरांत एकहि नोंद पडली नाहीं, तर नदीला काय झालें हें त्या गांवाला इतर कोणाहि अधिकाऱ्याच्या आधीं कळेल. तेव्हां उपाय करण्यास कदाचित् वेळहि शिल्लक असेल.